डब्यातली किंकाळी

साहेबांनी माझी वेणी मुठीत धरली आणि खस्सकन मागं ओढली. मान मागं गेली, तोंडातून किंकाळी बाहेर पडली आणि समोरच्या माईकनं ती उचलली. काचेपलीकडं बसलेल्या साऊंडवाल्या काकांनी अंगठा वर केला.

"ओके!" साहेब म्हणाले. "बघितलंत? अशी काढावी लागते यांच्यातनं. सांगून येत न्हाय."

खोलीत पाचसहा पुरुष होते. सगळे हसले. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी पहिल्यापासून फार शहाणी होते असं कुणाला वाटायला नको. डोळ्यांत पाणी होतं, डोक्याची कातडी जळत होती, आणि मी दात दाखवत उभी होते. कुणीतरी मला चहा आणून दिला. एरवी त्या स्टुडिओत कपडेपटातल्या बायकांना चहा सगळ्यांत शेवटी मिळायचा.

कपडेपट म्हणजे नटनट्यांचे कपडे सांभाळणारं खातं. मी तिथं इस्त्री आणि शिवण करायचे. कोल्हापुरात तेव्हा पिक्चर निघत होते, रंगीत कमी आणि काळेपांढरे जास्त. माझं माहेर नेसरीचं. सातवी झाले, लग्न होऊन कोल्हापुरात आले. नवरा फाउंड्रीत होता. त्याचं नाव मी घेणार नाही. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणून नव्हे, घेण्यासारखं काही नाही म्हणून.

किंकाळीचं काम मी मागायला गेले नव्हते. एकदा कोळशाची इस्त्री माझ्या मनगटावर कलंडली आणि मी ओरडले. साहेब अंगणात खुर्ची टाकून बसले होते. धावत आले ते माझा हात बघायला नव्हे.

"कोण वरडलं? हीच का? हिला उद्या साऊंडच्या खोलीत आणा."

साहेब म्हणजे दिग्दर्शक. गोष्टही त्यांचीच, संवादही त्यांचेच. मोठ्या घरचे, गावाकडं जमीन, शहरात बंगला. त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे आणि कुणी उलट बोलत नसे. त्यांच्या पिक्चरमध्ये एक पाटील नाहीतर सरदार असायचाच, आणि त्याच्या हातून एक बाई मार खायची. नायिकेला गाता यायचं, लाजता यायचं, पण ओरडता येत नव्हतं. ओरडली की मांजर चेपल्यासारखा आवाज यायचा. म्हणून तोंड तिचं आणि किंकाळी माझी, असं सुरू झालं.

ती खोली कशी होती ते सांगायला पाहिजे. भिंतींना गोणपाट आणि जुन्या गोधड्या ठोकलेल्या. समोर पांढरा पडदा. त्यावर पिक्चरचा एक तुकडा चालायचा. त्या तुकड्याची दोन टोकं चिकटवून गोल केलेला असायचा, त्याला लूप म्हणत. तो संपतच नसे. पुरुषाचा हात वर जायचा, खाली यायचा, बाई पडायची. परत हात वर, परत बाई उभी, परत पडायची. माझा आवाज तिच्या तोंडाशी जुळेपर्यंत ती मार खात राहायची. कधी वीस वेळा, कधी त्याहून जास्त. पहिल्या दिवशी मी काकांना म्हटलं होतं, "हे बंद करा जरा, तिला लागतंय." सगळे पोट धरून हसले. ती गोष्ट स्टुडिओत महिनाभर पुरली.

आणि आणखी एक काम माझ्याच हातचं होतं. फाटायची चोळी. मारहाणीच्या सीनमध्ये पाटलानं दंडाला धरलं की चोळी फाटायला हवी, पण नेमकी खांद्यापाशी आणि एका झटक्यात. त्यासाठी बाही पक्की शिवायची नाही. लांब लांब कच्चे टाके घालायचे आणि दोरा न गाठता सोडायचा. हे मला चांगलं जमायचं. साहेब म्हणायचे, "हिच्या चोळ्या बरोबर जिथं पायजे तिथं फाटत्यात." म्हणजे बाईची चोळी कुठं फाटावी हे साहेब ठरवणार, ती तशी फाटेल अशी मी शिवणार, आणि फाटली की ओरडणारही मीच. पडद्यावर मारणाऱ्याचा चेहरा फारसा दिसत नसे. त्याचा बूट दिसायचा, हात दिसायचा, सावली दिसायची. कॅमेरा सगळा वेळ बाईच्या खांद्यावर.

शेवटी काय व्हायचं? एक तर ती विहीर जवळ करायची, नाहीतर त्याच्या पाया पडायची. त्याला चूक कळायची, तो एकदा आढ्याकडं बघायचा, आणि सगळं फिटायचं. इतक्या पिक्चरमध्ये मी ओरडले, पण "का मारलंस?" एवढं दोन शब्दांचं वाक्य एकाही बाईच्या तोंडी मला ऐकू आलं नाही. हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मी आपली आवाज जुळतो का नाही ते बघत होते.

खरं सांगायचं तर मला अभिमान वाटायचा. माझी आई नेसरीत मार खायची तेव्हा पदराचा बोळा तोंडात कोंबायची, भावकीला ऐकू जाऊ नये म्हणून. आम्ही पोरं अंथरुणात पडून फक्त तिच्या बांगड्या ऐकायचो. त्या आईची पोरगी मी, आणि माझा आवाज अख्ख्या जिल्ह्यात ऐकू जात होता. आमच्या गल्लीत पंधरा घरं. पिक्चर लागला की सगळी गल्ली मिळून बघायला जायची. किंकाळी आली की आमची अख्खी रांग माझ्याकडं वळून बघायची. समोरच्या घरातली हलीमाचाची तर मागच्या रांगेतल्या अनोळखी बायकांनाही सांगायची, "हिचा आवाज हाय ह्यो. आमच्या गल्लीतली हाय."

चाचीचा नवरा गाद्या भरायचा. चाची दिवसभर दारात बसून गाद्यांचं कापड शिवायची. तिचं दार आणि माझं दार समोरासमोर, मध्ये सहा हातांची वाट. कोल्हापुरात मला माहेरचं माणूस म्हणावं तर ती.

पोरं मला "किंकाळी" म्हणायला लागली. "ओ किंकाळीकाकू, एकदा वरडून दाखवा की." मी दाखवायचे. घरातही तालीम करायचे. साहेबांनीच सांगितलं होतं, गळा तयार ठेवायचा. भाकऱ्या झाल्या की दार लोटून एकदोनदा ओरडायचे. पहिल्यांदा लोक धावत आले. मग सवय झाली. माझ्या घरातून किंकाळी आली की गल्लीत कुणी हातातलं काम सोडत नसे.

नवरा आधीही हात उचलायचा. एखादी चापट, एखादा धक्का. त्याला मार म्हणायचं आमच्यात कुणाच्या डोक्यातही नव्हतं. माझं नाव व्हायला लागलं तसं त्याचं बिनसलं. फाउंड्रीत त्याला म्हणायचे, किंकाळीचा नवरा आला.

तो रविवार होता, दुपारची वेळ. तो जेवून उठला होता. दारात दोन कॉलेजची पोरं आली आणि त्यालाच विचारलं, "पावणं, किंकाळीवाल्या बाई हितंच ऱ्हातात का?" त्यानं हो म्हटलं, त्यांना घालवून दिलं, दार लावलं आणि कडी घातली.

तो प्यायलेला नव्हता. हे मुद्दाम लिहिते. साहेबांच्या पिक्चरमध्ये मारणारा कायम दारूत असतो, नाहीतर कुणीतरी त्याचे कान भरलेले असतात, म्हणजे बघणाऱ्याला शेवटी त्याची दया येते. माझ्या नवऱ्याचे कान कुणी भरले नव्हते. त्याला मारायचं होतं आणि मी हाताशी होते.

पहिली चपराक डाव्या कानावर बसली. कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं आणि ती थांबेना. मग त्यानं कोपऱ्यातलं पायताण उचललं. कोल्हापुरी पायताण किती जड असतं ते घालणाऱ्याला कळत नाही, ते पाठीवर बसलं की कळतं. मी ओरडले. जीव खाऊन ओरडले. ती साहेबांची किंकाळी नव्हती. "वाचवा" असं शब्दानं ओरडायला पाहिजे होतं, पण शब्दाची मला सवयच नव्हती. मला जे येत होतं तेच आलं.

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

गल्ली हसली. बायका, पोरं, पुरुष, सगळे. रविवारी सगळे घरीच होते.

नवऱ्याचा हात वरच थांबला. क्षणभर त्यालाही कळेना. मग त्याच्या चेहऱ्यावर समजल्याचं दिसलं. तो हसला. कुणाला काही कळणार नाही, कुणी येणार नाही, हे त्याला त्या हसण्यातून समजलं होतं. मग तो मोकळेपणानं मारायला लागला.

मी ओरडायचं बंद केलं. पदर तोंडात घातला. आईसारखाच. बाहेर कुणीतरी म्हणालं, "संपलं वाटतं," आणि पोरं पुन्हा गोट्या खेळायला लागली. त्यांच्या गोट्यांचा आवाज मला उजव्या कानानं ऐकू येत होता.

संध्याकाळी नवरा बाहेर गेल्यावर मी नळावर निघाले. चाची दारात शिवत बसली होती. मान वर न करताच म्हणाली, "आज लई झ्याक तालीम केलीस गं. कंचं पिच्चर?"

मी तोंडावरचा पदर बाजूला केला. चाचीनं बघितलं. तिच्या हातातली सुई तशीच राहिली.

"खरं व्हतं?"

मी मान हलवली.

"या अल्ला. मला वाटलं..." ती रडायला लागली. "मी पण हसले गं. मी पण हसले."

मला तिचा राग आला नाही. पण तिच्याजवळ बसवलंही नाही. सहा हातांच्या वाटेपलीकडं माझ्या मायेचं माणूस बसलं होतं आणि ते हसलं होतं. तेवढं एकटं मला कधी वाटलं नव्हतं, ना सासरी पहिल्यांदा आले तेव्हा, ना बाप गेला तेव्हा. मी घागर भरली आणि घरात आले. रात्रीचा स्वयंपाकही केला.

कान दुखायचा थांबेना म्हणून तीन दिवसांनी नवराच मला राजारामपुरीत एका डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी बॅटरीनं कानात बघितलं आणि विचारलं, "पडदा फाटलाय. कशानं झालं?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "शूटिंगमधी लागलं, डॉक्टरसाहेब. किंकाळ्यांचं काम करती ही."

"अरे वा!" डॉक्टर म्हणाले. "आम्ही बघतो की तुमचे पिक्चर. जपून काम करा बाई."

मी जिथं जाऊन तोंड उघडावं तिथं माझी किंकाळी माझ्या आधी पोचलेली असायची.

मग मी एक चूक केली. साहेबांना सांगितलं. त्यांना माझा काळानिळा हात दिसला आणि त्यांनी खोलीत बोलावलं. "बस," म्हणाले. आजवर मला त्यांनी कधी बसायला सांगितलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. पायताण, कडी, पोरं, वन्स मोअर, चाची, डॉक्टर. ते मध्ये मध्ये विचारत होते. "पहिला हात कुठं बसला? तू कुठल्या बाजूला पडलीस? वन्स मोअर म्हणल्यावर ह्यो हसला? खरंच हसला?" त्यांनी वही काढली आणि लिहायला लागले. मला वाटलं, शिकलेला मोठा माणूस आहे, कुठंतरी अर्जबिर्ज करत असेल. मला खरंच तसं वाटलं. माझ्या त्या भाबडेपणाची मला आजही लाज वाटते, आणि लाज त्यांना वाटायला पाहिजे होती हेही कळतं.

शेवटी मी म्हटलं, "साहेब, काय तरी करा."

"करतो की," ते म्हणाले आणि वही बंद केली.

चार महिन्यांनी नव्या पिक्चरचं काम निघालं. नेहमीसारखी चिठ्ठी आली, साधं लुगडं, कच्च्या टाक्यांची चोळी. मी शिवून दिली. शूटिंगला मी नव्हते, इस्त्रीच्या खोलीत होते. मग साऊंडच्या खोलीत बोलावणं आलं. मी माईकसमोर उभी राहिले. दिवा मालवला, लूप सुरू झाला.

पडद्यावर एक खोली. नवरा दाराची कडी घालतो. चपराक डाव्या कानावर. कोपऱ्यातलं पायताण उचलतो. बाईचं तोंड उघडतं. तिथं आवाज नाही, तिथं माझा आवाज भरायचा होता. मग खिडकीतून एक विनोदी नट डोकं आत घालतो, नेहमीचा तो तिरळं बघणारा, आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडतो. त्याचा आवाज आधीच भरलेला होता.

"वन्स मोअर!"

खोलीतले सगळे हसले. लूप फिरला. कडी. चपराक. पायताण. उघडं तोंड. वन्स मोअर. परत सगळे हसले. माझ्या खांद्यावरून साहेब म्हणाले, "पब्लिक खुर्चीतनं पडतंय बघ हितं."

मी काकांना विचारलं, "पुढं काय होतंय?"

काका चांगला माणूस होता, खाली मान घालून काम करणारा. काचेमागून बटण दाबून म्हणाला, "पुढं ती त्याचे पाय धुती. तुझ्याशिवाय मला कोण हाय म्हणती. मग गाणं."

लूप फिरत होता. मी तोंड मिटून उभी होते. ती बाई पडत होती, उठत होती, पडत होती. मला आठवलं, पहिल्या दिवशी मी म्हटलं होतं, तिला लागतंय. तेव्हा मी वेडी ठरले होते. मी वेडी नव्हते. त्या चोळीच्या बाहीला माझे टाके होते, त्या कानात माझी शिट्टी होती, आणि आता तेवढी माझी किंकाळी घातली की हसायचं सगळं सामान पुरं होणार होतं. चाची त्या रविवारी नकळत हसली होती. साहेबांनी ती वही इथं सगळ्यांना वाचून दाखवली होती, या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं की हे खरं घडलंय, कुणाच्या घरी घडलंय तेही. तरी ते हसत होते. मला राग आला. भीती नव्हती ती. भीतीत आपण मागं सरकतो, मी माईकच्या आणखी जवळ सरकले होते.

"काय गं, घसा बसला का?" साहेब म्हणाले.

नेहमीप्रमाणं त्यांचा हात माझ्या वेणीवर आला. मूठ आवळली.

मी मागं हात नेऊन त्यांचं मनगट धरलं. इस्त्री उचलून उचलून माझे हात घट्ट झालेले. ते मनगट मऊ होतं, घड्याळ होतं त्यावर. आणि मी माईकमध्ये बोलले, ओरडले नाही.

"साहेब, हात काढा."

बाहेरच्या खोलीत मोठा स्पीकर होता. तिथं सुतार, रंगारी, मेकअपवाले, सगळे बसलेले असत. त्यांनी ऐकलं. माझा आवाज मला परत ऐकू आला आणि तो इतका साधा होता की मलाच नवल वाटलं. रोज भाजीवालीशी बोलते तसा.

साहेबांनी हात काढला नाही. म्हणून मी परत बोलले. "वरडणार न्हाय मी. ही माझी गोष्ट हाय. तुमाला सांगितली व्हती, काय तरी करा म्हणून. तुमी ह्ये केलंसा. तिला वरडायचं नसतंय, तिला बोलायचं असतंय. तिला बोलू द्या, मग मी आवाज देतो."

आमच्याकडं बायकाही रागात 'देतो' म्हणतात.

खोलीत कुणी हसलं नाही. लूप तेवढा फिरत होता आणि तो विनोदी नट दर अर्ध्या मिनिटानं खिडकीत डोकं घालून ओरडत होता. साहेबांनी हात काढून रुमालाला पुसला.

"बोलायला कशाला पायजे तिला?" ते शांतपणे म्हणाले. "बायका बोलायला लागल्या तर पिच्चर कोण बघंल? जा. तुझ्यासारख्या छप्पन्न मिळत्यात."

मी निघाले. अंगणातून जाताना सगळे माझ्याकडं बघत होते. त्यांतला एकही जण माझ्याशी बोलला नाही. मला वाटलं होतं, निदान एखादी बाई तरी उठून येईल. कपडेपटातल्या आम्ही तिघी एका डब्यात जेवायचो. बाकीच्या दोघींनी इस्त्रीवरची मान वर केली नाही. त्यांनाही घर होतं, मी त्यांना दोष देत नाही. पण ते अंगण ओलांडायला मला फार वेळ लागला.

नवरा फाउंड्रीत होता. मी घरी जाऊन चार लुगडी आणि कात्री पिशवीत घातली. कडीला बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली चाचीकडं दिली. चाचीनं आपली जुनी शिवणाची हातमशीन उचलून माझ्या डोक्यावर ठेवली आणि कसबा बावड्यातल्या तिच्या भाचीचा पत्ता सांगितला. बावड्यापर्यंत मी चालत गेले. उसाच्या गाड्या बाजूनं जात होत्या.

आई नेसरीहून आली. खोलीत बसली, मशीन बघितली. म्हणाली, "पावसानं झोडपलं अन् नवऱ्यानं मारलं, तर दाद कुणाकडं मागायची, बाई?" तिनं हे मला समजावण्यासाठी म्हटलं होतं. तिला दुसरं काही कुणी शिकवलंच नव्हतं.

पिक्चर लागला. मी एकटीच बघायला गेले. वाटलं होतं, दुसऱ्या कुठल्या बाईला वेणी ओढून ओरडायला लावलं असेल. तो सीन आला. पायताण वर गेलं, नायिकेचं तोंड उघडलं आणि माझीच किंकाळी आली.

मी तर ओरडलेच नव्हते. मग ओळखली. ती कितीतरी पिक्चर आधीची होती, ज्या दिवशी साहेबांनी पहिल्यांदा वेणी ओढली त्या दिवशीची. नंतर काका मला बाजारात भेटले तेव्हा त्यांनी सांगितलं. माझ्या सगळ्या किंकाळ्या त्यांनी पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. डब्यावर चिठ्ठी होती, "किंकाळी, बाई". माझं नाव नव्हतं. "मला सांगितलं, मी लावली," काका म्हणाले. "काय करणार?"

त्या अंधारात वन्स मोअर आलं आणि थिएटर हसलं. बायकांचा कोपराही हसला. माझ्या शेजारची बाई, मांडीवर पोरगं, ती पण. मी उभी राहिले.

"ह्यो आवाज माझा हाय!" मी म्हटलं. "मी खरंच मार खाल्लाय. हसू नगासा!"

"खाली बस गं!" मागून आवाज आला. "पिच्चर बगू दे!" कुणीतरी शिट्टी मारली. मी बसले नाही. गाणं सुरू झालं तरी बसले नाही. बॅटरीवाला आला आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं. शेजारची बाई हसायची थांबली होती, एवढं मी बघितलं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती आणि पोराला घट्ट धरून बसली होती.

तो डबा अजून कुठंतरी असेल. माझा आवाज कुठल्या पिक्चरमध्ये, कुठल्या बाईच्या तोंडात घालतील ते माझ्या हातात नाही. तो मी परत आणू शकत नाही. डाव्या कानानं मला आजही ऐकू येत नाही. बावड्यात मी चोळ्या शिवते. माझ्या बाहीला दुहेरी शिवण असते आणि दोऱ्याला गाठ असते. शिवून झाली की मी स्वतः दोन्ही हातांनी ओढून बघते, मगच देते.

मागच्या वर्षी एका संध्याकाळी आमच्या गल्लीच्या टोकाला बाई ओरडली. पानपट्टीवर चौघं उभे होते. एक म्हणाला, "त्यांच्या घरचं हाय ते." दुसरा म्हणाला, "नाटकं करती ती." मी हातातली चोळी ठेवली आणि कात्री तशीच हातात राहिली. जाऊन त्या दाराची कडी वाजवली. आत शांत झालं. परत वाजवली. दार अर्धं उघडलं, घामेजलेला माणूस.

"काय काम हाय?"

"तिला भायर बोलवा."

"तुमाला कुणी सांगितलं हितं यायला?"

"कुणी न्हाय. मला किंकाळी कळती. तीच शिकलोय मी."

तो दार लावायला लागला. मी उंबऱ्यात पाय घातला. दार पायावर आपटलं, मी पाय काढला नाही. ओरडलेही नाही. नाव विचारलं. आतल्या बाईला तिचं नाव विचारलं, मोठ्यानं, पानपट्टीपर्यंत जाईल असं. तिनं सांगितलं. मग मी म्हटलं, "आता काय झालं ते सांग. वरडू नगंस. सांग."

ती बोलायला लागली. पानपट्टीवरचे चौघं गप्प झाले होते.

त्या दारात दुसरी कुणी बाई माझ्यासोबत आली नव्हती. पुढच्या वेळीही येणार नाही असं धरूनच मी चालते. पण खरं का तालीम, त्यांच्या घरचं का बाहेरचं, हे मी विचारणार नाही. कुठल्याही गल्लीत बाई ओरडली की मी जाणार, कडी वाजवणार आणि ती बोलेपर्यंत पाय उंबऱ्यातनं काढणार नाही.